पोच्यात भरलेली हवा

कल्याण-नगर रस्ता आणि पुणे-नाशिक महामार्ग आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. कांद्याचे टेम्पो, भाजीच्या पिकअप, माळशेज घाट चढून आलेल्या मोटारी. या गर्दीत कुणी ना कुणी कुणाला घासतोच. माझ्या गाडीच्या दाराला एका पिकअपने पोचा पाडला आणि अर्धा दिवस मी डेंटिंगच्या शेडमध्ये स्टुलावर बसून काढला.

आधी हातोडी आणि डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा. आतून डॉलीचा टेका, बाहेरून टकटक. पत्रा बऱ्यापैकी सरळ झाल्यावर ग्राइंडरने रंग उतरवला. मग मिस्त्रींनी उरलेला खोलगटपणा भरायच्या पुट्टीचे दोन डबे माझ्या हातात दिले. आकार सारखाच, पण एक चांगलाच हलका.

जड डब्यात पॉलिएस्टर रेझिनमध्ये मुख्यतः शंखजिऱ्याची पूड असते. हलक्यात तिची बरीचशी जागा काचेच्या पोकळ गोळ्यांनी घेतलेली. एकेक गोळी केसाच्या जाडीहूनही बारीक, आत नुसती पोकळी. गोल असल्याने चारी बाजूंचा दाब ती सारखा वाटून घेते, म्हणून वजन कमी असूनही चटकन चिरडत नाही. कोळशावरच्या वीज केंद्रांच्या राखेतही असे पोकळ कण आपोआप तयार होतात आणि राखेच्या तळ्यावर तरंगतात. 26 मार्च 2012 रोजी चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन ज्या पाणबुडीतून प्रशांत महासागरातल्या मरियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे 10.9 किलोमीटर खोल गेले, त्या पाणबुडीचा बहुतांश भाग रेझिन आणि पोकळ काचगोळ्यांच्या अशाच फेसाचा होता.

मिस्त्रींनी पत्र्याच्या तुकड्यावर हलकी पुट्टी घेतली, वर हार्डनरची बारीक रेघ ओढली. साधारण शंभराला दोन हे प्रमाण. मिस्त्री ते रंगावरून ओळखतात. मिश्रण ते फेटत नव्हते, पट्टीने दाबून दाबून घोळत होते. का, विचारलं.

"फेटलं की हवा शिरते, दादा. मग घासल्यावर सुईची भोकं दिसतात."

गोळीत कोंडलेली पोकळी कामाची, हयगयीने शिरलेली हवा दोषाची. त्या कामातलं सगळं कसब एवढ्या फरकात होतं.

पाच-सात मिनिटांत लेप तापला, कडक झाला. ठोकळ्याला 80 नंबरचा पेपर लावून घासताना पांढरी भुकटी सरसर उडाली. गोळ्या आतून पोकळ म्हणून ही पुट्टी घासायला सोपी. ही भुकटी फुप्फुसाला मात्र वाईट. मिस्त्रींनी तोंडाला फक्त रुमाल बांधला होता. शेवटी डोळे मिटून त्यांनी दारावर तळवा फिरवला आणि जिथे अडला तिथे पुन्हा पट्टी मारली.

पुट्टी पत्र्याची जागा घेत नाही. ती काही मिलिमीटरपुरतीच. खोल पोचा आधी ठोकूनच काढावा लागतो. जुनी गाडी घ्यायला जाल, तेव्हा खिशात एक छोटा लोहचुंबक ठेवा. पत्र्यावर तो घट्ट बसतो, जाड पुट्टीवरून घसरतो.