चार चित्रपट आणि अर्जातला एक रकाना

वर्ष सरले की वर्तमानपत्रांतून दहा उत्कृष्ट चित्रपटांच्या याद्या छापून येतात. कोणी किती कोटी कमावले, कोणाला किती तारे मिळाले, हे त्यांत असते. माझी यादी तशी नाही. सन २०२५ मध्ये जे चित्रपट पाहिले त्यांतले चार मनात राहिले, एवढेच. मी समीक्षक नव्हे. कचेरीत कारकुनी करतो आणि सुटीच्या दिवशी वस्तीतल्या मुलांचे अर्ज भरून देतो. चित्रपटाचे वेड मात्र लहानपणापासूनचे. हल्ली चौघांनी मल्टिप्लेक्सला जायचे म्हणजे तिकिटे, रिक्षा आणि मध्यंतरातले खाणे धरून आठवड्याचा किराणा होतो. म्हणून जे पाहायचे ते निवडून पाहावे लागते. 'छावा' त्या वर्षी तुफान चालला, आमच्या मुलांनीही पाहिला. तो माझ्या यादीत नाही, यावरून घरात वाद आहे, तो असो.

पहिला चित्रपट 'फुले'. अनंत महादेवन यांचे दिग्दर्शन, जोतीरावांच्या भूमिकेत प्रतीक गांधी आणि सावित्रीबाई झाल्या आहेत पत्रलेखा. चित्रपट हिंदी आहे. आचार्य अत्रे यांनी १९५४ साली मराठीत 'महात्मा फुले' काढला होता, २०२४ च्या आरंभी 'सत्यशोधक' येऊन गेला, पण जोतीराव-सावित्रीबाई हिंदी मुलुखात जायला इतकी वर्षे लागली. हा चित्रपट ११ एप्रिलला, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीला लागायचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला, सेन्सॉर बोर्डाने बदल सुचविले आणि तो २५ एप्रिलला लागला. बदल कोणते, तर 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढा. तीन हजार वर्षांची गुलामी असे म्हणू नका, अनेक वर्षांची म्हणा.

वाचकहो, इथे माझ्यातला कारकून जागा झाला. आपल्या मुलाचा शिष्यवृत्तीचा किंवा नोकरीचा अर्ज डोळ्यांसमोर आणा. त्यात जातीचा रकाना असतो. तो कोरा ठेवला तर अर्ज पुढे सरकत नाही. १९५६ साली आपल्या वाडवडिलांनी जात टाकून धम्म स्वीकारला. त्यानंतर केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळायला १९९० साल उजाडावे लागले, आणि त्या मिळवायच्या तर टाकलेली जातच पुन्हा कागदावर लिहावी लागते. जो शब्द लिहिल्यावाचून सरकारी टेबलावर आमचे पान हलत नाही, तोच शब्द जोतीरावांच्या काळाची गोष्ट सांगताना पडद्यावर उच्चारायचा नाही, हा कुठला न्याय?

चित्रपट म्हणून 'फुले' थोडा पाठ्यपुस्तकासारखा वाटतो. पात्रे बोलतात कमी, भाषणे जास्त करतात. पण शाळेकडे निघालेल्या सावित्रीबाईंवर शेण-चिखल फेकला जातो आणि त्या चालत राहतात, तिथे आमच्या रांगेतल्या बायकांचे पदर डोळ्यांना लागले. फातिमा शेख यांनाही त्यात नीट जागा मिळाली आहे. १८४८ साली भिडे वाड्यात काय घडले हे मुलींना नुसते सांगण्यापेक्षा हा चित्रपट दाखवावा.

ऑगस्टच्या एक तारखेला 'धडक २' आला. नाव ऐकून मी नाक मुरडले होते. त्याला कारण आहे. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ साली आला, त्याचा हिंदी अवतार म्हणून २०१८ साली 'धडक' निघाला, आणि त्या प्रवासात जात जवळजवळ नाहीशी झाली. राहिली ती श्रीमंत-गरिबाची प्रेमकथा. शाझिया इक्बाल यांच्या 'धडक २' ने मात्र ती उणीव भरून काढली. हा मारी सेल्वराज यांच्या २०१८ च्या 'परियेरुम पेरुमाल' या तमिळ चित्रपटावर बेतलेला आहे. भोपाळच्या वस्तीतला नीलेश अहिरवार वकिलीच्या कॉलेजात येतो. इंग्रजीत अडखळतो, आणि आडनाव सांगताना तर त्याहून जास्त अडखळतो. त्याचे वडील बाईचा वेश घेऊन नाचतात, त्यावर घर चालते. त्या बापाची विटंबना होते तो प्रसंग पाहवत नाही. पण पाहावा. तमाशाच्या फडात नाच्या म्हणून उभे राहिलेले किती बाप आपल्याकडे होऊन गेले, आणि त्यांच्या किती मुलांनी शाळेत बापाचा धंदा सांगितला नाही!

खटकले तेही सांगतो. नायक दलित दाखवायचा म्हणून सिद्धांत चतुर्वेदी या गोऱ्या नटाचा चेहरा रंगवून काळवंडला आहे. आमचा माणूस पडद्यावर आणायचा तर रंगाची डबी कशाला लागते? पण एक गोष्ट मूळ चित्रपटापेक्षा वेगळी आहे आणि मला ती आवडली. तमिळ चित्रपटातल्या मुलीला आपल्या घरच्यांनी काय केले हे शेवटपर्यंत कळत नाही. इथे तृप्ती डिमरीची विधी ते जाणून घेते आणि आपल्या घरच्यांसमोर उभी राहते. या चित्रपटावरही सेन्सॉरची कात्री सोळा ठिकाणी चालली, तरी सांगायचे ते सांगून झाले आहे.

तिसरा चित्रपट मराठी आहे, 'साबर बोंडं'. कुटुंबाच्या पानावर मी त्याचे नाव घेतो याचे काहींना नवल वाटेल. रोहन कानवडे हा मुंबईच्या झोपडपट्टीत वाढलेला, ड्रायव्हरचा मुलगा. त्याच्या या चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात परदेशी कथाचित्रपटांच्या गटातले सर्वोच्च पारितोषिक मिळाले. मुंबईत राहणारा आनंद वडील वारल्यावर गावी जातो. दहा दिवसांचे सुतक, आणि नातेवाइकांचा एकच धोशा की लग्न कधी करतोस. आनंदचे मन मुलीत नाही, त्याच्या बालपणीच्या मित्रात आहे. आईला ते ठाऊक आहे आणि ती त्याला सांभाळून घेते. आरडाओरडा नाही, पार्श्वसंगीत नाही, रडारडही बेताची. अशी मुले आपल्याही वस्तीत आहेत. ती गप्प राहतात आणि आपण त्यांच्यासाठी स्थळे शोधत बसतो. चित्रपट संथ आहे, झोप येईल अशी तक्रार आमच्या घरात झाली. मला नाही आली.

आता चौथा. खरे तर हा लेख मी त्याच्यासाठीच लिहायला घेतला. नीरज घेवान यांचा 'होमबाउंड' आधी कान महोत्सवात दाखविला गेला, मग २६ सप्टेंबर २०२५ ला आपल्याकडे लागला आणि भारतातर्फे ऑस्करसाठीही पाठविला गेला. आम्ही गेलो त्या खेळाला पाऊण थिएटर रिकामे होते. घेवान हे स्वतः दलित समाजातून आलेले, आणि ते उघडपणे सांगणारे दिग्दर्शक आहेत.

गोष्ट उत्तरेतल्या एका खेड्यातली. चंदन दलित, शोएब मुसलमान. दोघांना पोलीस शिपाई व्हायचे आहे. का, तर खाकी अंगावर चढली की कोणी जात-धर्म विचारणार नाही. हा त्यांचा भाबडा हिशेब आहे, पण तो आपल्याही घराघरांत मांडला जातो. परीक्षेला निघालेल्या पोरांनी गच्च भरलेला रेल्वेचा फलाट सुरुवातीलाच दिसतो. पोलीस भरतीच्या दिवशी मैदानाबाहेर रात्रभर पेपरावर झोपलेली मुले ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तो फलाट ओळखीचा वाटेल.

चंदन अर्ज भरताना राखीव प्रवर्गाऐवजी सर्वसाधारण प्रवर्ग लिहितो. हक्क असून सोडतो. एकदा त्या यादीत नाव आले की नोकरी लागल्यावरही लोक त्याच नजरेने पाहतील, ही त्याची भीती. मी पडद्याकडे पाहत होतो आणि मला माझ्या टेबलावर आलेले अर्ज दिसत होते. वडिलांचे नाव लावून आडनाव गाळलेले, प्रमाणपत्र फाईलच्या तळाशी दडवून आणलेले. अशा मुलांना आपण सभेत भित्रे म्हणतो. बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क का लपवता, म्हणून रागावतो. मीही तसेच म्हणतो आणि पुढेही म्हणणार, कारण रकाना कोरा ठेवून अपमान टळत नाही, फक्त जागा जाते. पण चंदनचा चेहरा पाहिल्यावर त्या मुलांशी बोलण्याची रीत तरी बदलावी असे वाटते. त्याला लाज आणणारे दुसरे कोणी आहे. ते लोक कधी अर्ज भरायला येत नाहीत.

चंदनची आई शाळेत मुलांचे जेवण शिजवते आणि गावातले सवर्ण पालक तिच्या हातचे नको म्हणतात. आपल्या वाचक भगिनींपैकी ज्या शाळेत पोषण आहार शिजवितात, त्यांना यातले काही वेगळे सांगायला नको. तिच्या भेगाळलेल्या टाचा कॅमेरा पुन्हा पुन्हा दाखवतो. चंदनला बहीणही आहे. घरात शिकायची संधी फक्त तुला मिळाली, मला कोणी विचारलेही नाही, असे ती भावाला तोंडावर सुनावते. तो प्रसंग आला तेव्हा आमची सौ. माझ्याकडे वळून पाहत होती. तिची बारावी राहून गेली ती धाकट्या दिराच्या फीपायी.

पुढे भरती रखडते, दोघे सुरतच्या कापड गिरणीत कामाला लागतात आणि २०२० ची टाळेबंदी येते. शेवट मी सांगत नाही. ही गोष्ट खऱ्या घटनेवर, पत्रकार बशारत पीर यांच्या लेखावर आधारलेली आहे. मे २०२० मध्ये रस्त्याच्या कडेला आजारी मित्राचे डोके मांडीवर घेऊन बसलेल्या एका कामगाराचे छायाचित्र देशभर फिरले होते. ज्यांनी ते पाहिले त्यांना शेवट ठाऊक आहे.

जाता जाता, मारी सेल्वराज यांचा कबड्डीवरचा 'बायसन' ऑक्टोबरमध्ये आला. तमिळ समजत नाही म्हणून तो मी खालची अक्षरे वाचत पाहिला आणि निम्मा तरी निसटला असेल, म्हणून यादीत धरला नाही. वस्तीतल्या कबड्डी खेळणाऱ्या पोरांनी मात्र तो चुकवू नये.

'होमबाउंड' नोव्हेंबर २०२५ पासून नेटफ्लिक्सवर आला. ज्यांच्या घरी सोय आहे त्यांनी शेजारच्या चार घरांना बोलावून एकत्र पाहावा, आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना पुढे बसवावे. मोबाईलवर तुकड्यातुकड्यांनी पाहण्यासारखा तो नाही. चहा मध्यंतरातच करा, शेवटची अर्धा तास कोणी उठत नाही.