भंडाऱ्याचे धान आणि दिल्लीचा निर्णय

२० जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा भंडारा जिल्ह्यात रोवणीचे दिवस होते. सरकारला चिंता होती महागाईची. २०१२ हे पायाभूत वर्ष धरणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांचा वाटा जवळजवळ ४६ टक्के होता. तांदूळ भडकला की रिझर्व्ह बँकेला महागाईचे ४ टक्क्यांचे लक्ष्य गाठणे अवघड जाते. पण या बंदीने महागाई किती उतरली आणि त्याची किती किंमत लाखनी-साकोलीच्या धान उत्पादकाने मोजली? अर्थशास्त्राच्या एम.ए.ला लघुप्रबंधासाठी यापेक्षा चांगला प्रश्न मला सुचत नाही. त्यासाठी साधा लॅपटॉप पुरतो.

बंदी झालेले २०२३ आणि न झालेले २०२३ शेजारी ठेवून पाहता येत नाही, म्हणून प्रारूप लागते. १९४९ साली अर्थशास्त्रज्ञ बिल फिलिप्स यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये चक्क पाण्यावर चालणारी अर्थव्यवस्था दाखवली. टाक्या, नळ्या, झडपा आणि पैशाच्या जागी रंगीत पाणी. माजी मालगुजारी तलावांच्या या जिल्ह्यात ते यंत्र कोणालाही कळले असते: वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की खालचा भरतो.

पुढे टाक्यांची जागा समीकरणांनी घेतली. पण मध्यवर्ती बँकांच्या अनेक प्रारूपांत देशभरच्या कुटुंबांच्या जागी एकच सरासरी कुटुंब उभे असते. भंडाऱ्यात असा सरासरी शेतकरी शोधून सापडणार नाही. हलके धान दिवाळीच्या तोंडावर निघते. ज्याला देणी भागवायची असतात तो सरकारी खरेदी केंद्र सुरू होण्याची आणि चुकाऱ्याची वाट पाहू शकत नाही, आणि मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला माल देतो. ज्याच्या घरात साठवायला जागा आहे, तो थांबतो. कालव्याचे पाणी असलेला उन्हाळी धानही घेतो. २०२३-२४ मध्ये साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,१८३ रुपये होती, पण या तिघांच्या हाती पडणारी रक्कम सारखी नसते.

एजंट-आधारित प्रारूपात हा फरक टिकवता येतो. प्रत्येक शेतकरी, व्यापारी, राईस मिल यांना स्वतंत्र नियम द्यायचे: किती जमीन, किती कर्ज, कोणत्या भावाला विकणार. १९९९ पासून फुकट मिळणारे नेटलोगो हे सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे. मग तोच हंगाम शेकडो वेळा चालवायचा, कधी निर्यात खुली ठेवून, कधी बंद करून. जमीनधारणा कृषिगणनेतून मिळते, बाजार समित्यांचे भाव अ‍ॅगमार्कनेट या संकेतस्थळावर असतात.

खरी अडचण नियमांची आहे. धोरण बदलले की माणसे आपली चालही बदलतात, हा शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट लुकास यांचा १९७६ मधला आक्षेप. तो समजायला शिकागोला जाण्याची गरज नाही. राज्य सरकार पूर्वी धानावर क्विंटलमागे बोनस देत असे. २०२२-२३ च्या हंगामासाठी तो हेक्टरी १५,००० रुपये झाला, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. क्विंटलवर बोनस असला की केंद्रावर जास्त माल नेण्यात फायदा. हेक्टरी झाला की ते कारणच उरत नाही. जुन्या आकड्यांवर बसवलेले प्रारूप इथे चुकणारच. म्हणून ‘मागच्या वर्षी जितका विकला तितका’ असा नियम लिहिणे मला आळशीपणाचे वाटते. शेतकरी काय हिशेब करतो, तो हिशेबच प्रारूपात यायला हवा.

तो आला की नाही, हे तपासता येते. प्रारूपाला फक्त २०२२ पर्यंतची आकडेवारी द्यावी आणि पुढच्या हंगामाचे तुमसर बाजार समितीतले भाव विचारावेत. उत्तर हुकले तर आकडे जुळेपर्यंत पडद्यावर फेरफार करत बसू नये. खरेदी केंद्रावर जाऊन, कोण कधी आणि का विकतो, हे विचारून यावे. २८ सप्टेंबर २०२४ रोजी निर्यात पुन्हा खुली झाली. सुधारलेल्या प्रारूपाची दुसरी परीक्षा त्या हंगामावर घेता येईल.