चार मळसूत्रांची कैद

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी कुलपे, कंदील, पितळी नळ आणि बंद पडलेली घड्याळे यांच्या राशींतून वाट काढीत जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीस एखादे वेळी अशी एक वस्तू पडते की, जिचा उपयोग आजच्या तरुणास सहसा सांगता येत नाही. एकीवर एक ठेवलेल्या दोन लाकडी चौकटी, त्यांच्या चारही कोपऱ्यांतून आरपार गेलेली चार मळसूत्रे आणि त्या मळसूत्रांवर बोटांनी फिरवता येतील अशा कानवाल्या चाक्या, एवढाच तिचा सारा संसार. मला अशी चौकट तेथे पहिल्यांदा मिळाली तेव्हा तिच्या पोटात टेनिसची एक लाकडी रॅकेट अडकलेली होती. विक्रेत्याने मोठ्या उदारपणे रॅकेट फुकट देऊ केली आणि पैसे मागितले ते चौकटीचे, कारण चौकटीत आरसा बसवता येईल असा त्याचा हिशेब होता. सौद्यात आपण दोघेही दुसऱ्याला ठकवीत आहोत अशी ज्याची त्याची खात्री असल्यामुळे व्यवहार फार सलोख्याने पार पडला.

ती चौकट म्हणजे रॅकेटचा प्रेस. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीपर्यंत टेनिस खेळणाऱ्या प्रत्येक घरात तो असे, आणि तो का असे हे एकदा ध्यानात आले म्हणजे लाकडी रॅकेटची सगळी प्रकृतीच उलगडते. झाड तोडले म्हणून लाकडाचा हवेशी असलेला संबंध तुटत नाही. पावसाळ्यात ते ओल पिते आणि फुगते, उन्हाळ्यात ती ओल परत करते आणि आक्रसते. दारे आणि खिडक्याही हेच करतात, पण त्यांच्यावर रॅकेटइतका बोजा नसतो. साधारण लाकडी रॅकेटमध्ये १८ उभ्या आणि २० आडव्या ताती असत, आणि प्रत्येक तात ५० ते ६० पौंडांच्या, म्हणजे २२ ते २७ किलोंच्या ताणाने ओढून बसवलेली असे. नुसत्या उभ्या तातींचा हिशेब केला तरी तो ४०० किलोंच्या घरात जातो, आणि हा भार अहोरात्र सोसणाऱ्या त्या रॅकेटचे स्वतःचे वजन मात्र ४०० ग्रॅमही नसते. आपल्या वजनाच्या हजारपट ओझ्याखाली उभ्या असलेल्या या कृश देहाला एका बाजूने अधिक ओल लागली की त्याला पीळ पडतो. आणि पीळ पडलेली रॅकेट टेबलावर सपाट ठेवली तर बिघडलेल्या खुर्चीसारखी डुगडुगते. म्हणून खेळ संपताच तिला चौकटीत घालायचे आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतील चाक्या आळीपाळीने, सारख्या घट्ट करायच्या. एक चाकी जास्त आवळली आणि दुसरी ढिली राहिली तर रक्षणासाठी घातलेली ही कैदच रॅकेटला वाकवून टाकते.

प्रारंभी या रॅकेटा अखंड लाकडाच्या असत. अ‍ॅश नावाच्या युरोपीय वृक्षाची लांब, सरळ रेषांची पट्टी घेऊन ती वाफेवर मऊ करीत, साच्याभोवती वळवून तिचे कडे करीत, उरलेली दोन टोके जुळवून त्यांची मूठ बनवीत आणि जेथे ती टोके एकत्र येतात त्या कंठापाशी पाचरीसारखा एक तुकडा सरसाने बसवीत. १९३०च्या दशकात पातळ पातळ पट्ट्यांचे थर एकमेकांना चिकटवून कडे घडविण्याची रीत रूढ झाली. एका थराचा कल एकीकडे असला तर शेजारचा थर त्याला आवर घालतो, या साध्या तत्त्वामुळे रॅकेट अधिक मजबूत झाली आणि एका कारागिराच्या नजरेवर पूर्वीइतकी विसंबून राहिली नाही. डनलॉप कंपनीची १९३१ साली आलेली ‘मॅक्सप्लाय’ ही या रीतीची कीर्तिध्वजा. अधिकात अधिक थर ही फुशारकी तिच्या नावातच आहे. पुढे रॉड लेव्हरच्या हाती तीच होती, आणि १९८१ साली जॉन मॅकेन्रोने विंबल्डन जिंकले तेही तिच्याच वंशातील रॅकेटने. पन्नास वर्षे एका हत्याराने आपले रूप फारसे न बदलता अंमल गाजवावा, ही गोष्ट दर दोन वर्षांनी नवे अवतार काढणाऱ्या आजच्या कारखानदारांना अविश्वसनीय वाटेल.

संग्राहकाचे लक्ष मात्र या पन्नास वर्षांच्याही मागे धावते. मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफील्ड यांनी १८७४ साली हिरवळीवरील टेनिसचे पेटंट घेतले आणि जाळे, चेंडू व रॅकेटा एका पेटीत घालून विकायला आणल्या. त्या काळच्या रॅकेटांचे डोके एका अंगाला झुकलेले असे, कारण भिंतींच्या आत खेळल्या जाणाऱ्या जुन्या राजदरबारी टेनिसमध्ये जमिनीलगतचा आणि कोपऱ्यातला चेंडू उचलण्यास असा कल सोयीचा पडे. हिरवळीवर त्याचे प्रयोजन उरले नव्हते, तरी तो काही वर्षे तसाच राहिला. रूढी ही लाकडापेक्षाही सावकाश वाळते. १८८०च्या सुमारास डोक्याचा माथा सपाट झाला, मग हळूहळू तो आजच्या अंड्यासारख्या आकाराकडे वळला. मुठीवर तेव्हा चामडे नसे. घामाने हात सुटू नये म्हणून लाकडावरच बारीक खाचा कोरीत आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अनेक रॅकेटांच्या मुठीचे टोक माशाच्या शेपटीसारखे पसरट करीत. म्हणून अनुभवी संग्राहक नवी रॅकेट हाती आली की तिचे तोंड पाहत नाही, आधी शेपटी पाहतो.

त्यानंतर सुरू होतो तो खरा पंचनामा. रॅकेट डोळ्यासमोर आडवी धरून तिच्या कडेने नजर टाकायची. पीळ असेल तर तो तेथेच उघडा पडतो. मग तातींच्या भोकांभोवती आणि कंठाच्या पाचरीपाशी नखाने चाचपायचे, कारण केसासारखी चीर पहिल्यांदा तेथे उमटते. कड्याच्या खांद्यांवर गुंडाळलेला दोरा मूळचा आहे की मागाहून कोणी हौसेने चढवला आहे, रंगावर पुन्हा वार्निश फिरले आहे काय, मुठीच्या चामड्याखाली काय दडले आहे, ही खातरजमा करायची. नवशिक्याची सर्वांत मोठी फसगत होते ती नावांच्या बाबतीत. रॅकेटवर एखाद्या विख्यात खेळाडूची वळणदार स्वाक्षरी दिसली की त्याला वाटते, ही त्याच्या हातची. वास्तविक ती स्वाक्षरी कारखान्यात उमटवलेली जाहिरात असते, आणि जॅक क्रेमरच्या नावाच्या रॅकेटा विल्सन कंपनीने इतक्या काढल्या की त्या सगळ्या वापरायला एकट्या क्रेमरला अनेक जन्म घ्यावे लागले असते. १९६० आणि १९७०च्या दशकांतील रॅकेटा मुबलक आहेत, म्हणून स्वस्त आहेत, आणि खेळण्यासाठी त्याच उत्तम आहेत. झुकल्या डोक्याची किंवा मत्स्यपुच्छाची रॅकेट मिळाली तर तिला ताती चढविण्याचा मोह आवरावा. म्हाताऱ्या माणसाला पुन्हा हमाली करायला लावू नये.

ताती हा शब्द मी जाणून वापरला आहे. पिंजाऱ्याच्या धनुकलीला जी तात असते तिचीच ही बहीण. पूर्वी मेंढ्यांच्या आणि पुढे गुरांच्या आतड्यांपासून ती बनवीत, आणि फ्रान्समधील लियाँ येथे बाबोला घराण्याने १८७५ पासून हा धंदा नावारूपाला आणला. आपल्याकडच्या खेळाच्या दुकानांत आजही नायलॉनची दोरी बसवायची असली तरी ‘गटिंग करून द्या’ असेच म्हणतात, म्हणजे आतडे गेले तरी त्याचे नाव राहिले. खऱ्या आतड्याची तात चेंडूला क्षणभर कवेत घेते आणि मग सोडते. तिचा एकच दोष, पाण्याशी तिचे हाडवैर आहे. भिजली की ती फुगते, तिचे पदर सुटतात, आणि एका पावसाच्या सरीत महिन्याचा खर्च वाहून जातो.

आपल्या बाजारांत सापडणाऱ्या लाकडी रॅकेटांपैकी सगळ्याच विलायती नसतात, हे येथे सांगितले पाहिजे. इंग्रजी अमदानीत सियालकोट हे क्रीडासाहित्याचे मोठे केंद्र बनले, आणि तेथील कारागिरांनी तुतीचे लवचिक लाकूड हॉकीच्या काठीप्रमाणे रॅकेटलाही लावले. फाळणीनंतर त्या कारागिरांपैकी आणि कारखानदारांपैकी अनेकजण जालंधरला आणि मेरठला येऊन वसले, आणि आपल्या जिमखान्यांतील पुढच्या पिढ्या त्यांनी घडविलेल्या रॅकेटांवर वाढल्या. विलायती रॅकेटपुढे या देशी रॅकेटांना संग्राहक नाक मुरडतात, ते मला अन्यायाचे वाटते. इंग्लंडातल्या हवेसाठी बनलेले लाकूड मुंबईच्या जुलै महिन्यात टिकवणे ही एक परीक्षा, तर येथल्याच लाकडाला येथल्या हवेशी पटवून घेणे ही दुसरी, आणि दुसरीत उत्तीर्ण झालेल्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

खेळणाऱ्यांची मात्र ठेवली आहेत. शंकर पांडुरंग पंडितांच्या कन्या पंडिता क्षमा राव या संस्कृत काव्यासाठी विख्यात. त्या टेनिसही उत्तम खेळत, आणि त्यांची कन्या लीला राव हिने १९३४ साली विंबल्डनच्या एकेरीत सामना जिंकला, जो त्यापूर्वी कोणत्याही भारतीय स्त्रीने जिंकला नव्हता. एकाच घरात अनुष्टुभ आणि बॅकहँड यांचा अभ्यास चाले, हे चित्र मला विलक्षण मोहक वाटते. सांगलीचे नंदू नाटेकर हेही आरंभी टेनिसपटू. कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर त्यांनी बॅडमिंटनची हलकी रॅकेट उचलली. त्यानंतर कृष्णन १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे विंबल्डनच्या उपांत्य फेरीत पोचले, आणि नाटेकरांनी १९५६ मध्ये परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय हा मान मिळवला. एका पराभवाने दोन खेळांचे भले केल्याची उदाहरणे विरळा.

लाकडाची सत्ता बरखास्त झाली ती अवघ्या दहा-पंधरा वर्षांत. टेनिसपटू रने लाकोस्तने पोलादी रॅकेटचे पेटंट १९५३ सालीच घेतले होते. १९६७ मध्ये विल्सनने ती ‘टी २०००’ या नावाने बाजारात आणली आणि जिमी कॉनर्सने तिला वर्षानुवर्षे सोबत दिली. पण खरा घाव घातला तो हॉवर्ड हेड नावाच्या अमेरिकन गृहस्थाने. धातूच्या स्की बनवून सुखवस्तू झालेल्या या मनुष्याला उतारवयात टेनिस काही केल्या जमेना, तेव्हा दोष आपल्या हाताचा न मानता त्याने तो रॅकेटवर ढकलला आणि तिचे डोके दीडपटीहून मोठे करून १९७६ साली पेटंट मिळवले. लोक हसले. दोनच वर्षांनी सोळा वर्षांची पॅम श्रायव्हर तसली रॅकेट घेऊन अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात उभी राहिली. समोर लाकडी रॅकेट घेतलेली ख्रिस एव्हर्ट होती आणि ती जिंकली, पण हसणारे त्या दिवसापासून गप्प झाले. १९८३ साली यानिक नोआने पॅरिसमध्ये विजेतेपद पटकावले, ते पुरुषांच्या एकेरीत लाकडाचे शेवटचे मोठे यश.

मग आज ती घेऊन खेळायचे कशासाठी? स्पर्धेसाठी नक्कीच नव्हे. बियाँ बोर्ग १९९१ साली निवृत्तीतून परतून माँटे कार्लोला लाकडी रॅकेट घेऊनच उतरला आणि जोर्डी आरेसेकडून ६-२, ६-३ असा हरला. त्याचा फटका अजून सुरेख होता, पण समोरून येणारा चेंडू दुसऱ्या युगातला होता. म्हणून पहिला नियम असा की, दोन्ही बाजूंच्या हाती लाकूड हवे. त्या डोक्याचे क्षेत्रफळ ६५ ते ७० चौरस इंच, आजच्या रॅकेटचे शंभरच्या आसपास. मधोमध जी जागा खरी बोलते ती रुपयाच्या जुन्या चांदीच्या नाण्याहून फार मोठी नाही असे पहिल्या दिवशी वाटते. तिच्या बाहेर चेंडू लागला की मनगटापर्यंत झिणझिण्या येतात आणि चेंडू जाळ्यात पडतो. जागेवर लागला तर मात्र एक मऊ, पोकळ, ठाम आवाज होतो, तबल्यावर थाप नेमकी पडल्यासारखा. जोर रॅकेट देत नाही. तो पावलांनी, खांद्याने आणि वेळेवर मागे नेलेल्या हाताने पुरवावा लागतो. चेंडूला खालून वर घासून प्रचंड फिरकी देण्याची आजची रीत येथे निरुपयोगी ठरते. सपाट किंवा कापीव फटका, लवकर घेतलेला पवित्रा आणि जाळ्याकडे धाव, हीच तिची भाषा. भिंतीवर टांगलेल्या रॅकेटवरून जुना खेळ असा का होता ते कधीच कळत नाही, आणि अर्ध्या तासात हाताला ते कळते. ताण मात्र ५० पौंडांच्या आत ठेवावा, दोरी मऊ निवडावी; आजची कडक पॉलिएस्टरची दोरी या म्हाताऱ्या कड्याला पेलत नाही.

आम्ही चौघे, वयाने सारे मिळून अडीचशेच्या पुढचे, वर्षातून काही रविवार अशा रॅकेटा घेऊन मातीच्या मैदानावर जमतो. जूनच्या आरंभीच्या एका सकाळी तिसरा सेट ऐन रंगात असताना आभाळ भरून आले आणि पहिला थेंब पडला. गुण कोणाचा हा वाद तहकूब झाला, चौघेही वयाला न शोभणाऱ्या वेगाने बाकाकडे धावले, रॅकेटा पुसून प्रेसमध्ये गेल्या, चाक्या आवळल्या गेल्या, वरून मेणकापडाची खोळ चढली. नंतर कोणाच्या तरी लक्षात आले की आपण भिजत आहोत, आणि छत्र्या मोटारीतच राहिल्या आहेत.