अॅल्युमिनियमच्या मळीचा खर्च कुणाच्या खात्यावर?

भंगारात गेलेलं जर्मनचं पातेलं वितळवायला, तोच धातू बॉक्साइटपासून बनवायला लागते त्याच्या जेमतेम 5 टक्के ऊर्जा पुरते. हे खरंच आहे. पण भट्टीतून धातू ओतून घेतल्यावर मागे काय उरतं, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

वितळलेल्या अॅल्युमिनियमवर हवेमुळे दुधावरच्या सायीसारखा करडा थर धरतो. तो ड्रॉस. त्यात अडकलेला धातू सोडवायला फिरत्या भट्टीत मीठ आणि पोटॅशियम क्लोराइड घालतात. धातू तळाशी जमतो आणि वर राहते खारट मळी. तिच्यात अॅल्युमिनियम नायट्राइड, कार्बाइड आणि धातूचे बारीक कण असतात. कोरडी असेपर्यंत ती निमूट पडून राहते. पाणी लागलं की नायट्राइडमधून नाकाडोळ्यांना झोंबणारा अमोनिया सुटतो. त्याने पाणी अल्कधर्मी होतं, त्या पाण्यात धातूकणांवरचं ऑक्साइडचं कवच विरघळतं आणि उघड्या पडलेल्या धातूतून हायड्रोजन व उष्णता बाहेर पडते. उष्णता वाढली की सगळीच प्रक्रिया आणखी वेग घेते.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ईस्ट स्पार्टाजवळच्या कचराभूमीत 1993 पासून असा सुमारे 6 लाख टन कचरा घरगुती कचऱ्याबरोबर पुरला गेला. वर कचऱ्यातून झिरपलेलं पाणी पुन्हा त्यातच सोडलं जाई. 2006 च्या सुमारास ढीग आतून तापला, खचू लागला, आसपासच्या लोकांना दुर्गंधीने घरात बसवेना. वरून पाणी मारण्याचीही सोय नव्हती. पाण्यानेच तर हे पेटलं होतं.

मळीवर उपाय आहे. ती दळून धातू चाळून काढायचा, मीठ पाण्यात विरघळवायचं, सुटणारे वायू पकडायचे, मग पाणी आटवून मीठ परत मिळवायचं. खरा खर्च आटवण्याच्या इंधनाचा, आणि हाती येतं ते मीठ स्वस्त. उरलेलं ऑक्साइड सिमेंटवाले घेतात, तेही फार भाव देऊन नव्हे. ही प्रक्रिया स्वतःच्या कमाईवर क्वचितच तगते. युरोपात मळी पुरणं अवघड आणि महाग केलं, म्हणून तिथे ही प्रक्रिया होते. अमेरिकेत पुरणं स्वस्त, म्हणून बरीचशी मळी जमिनीतच जाते.

भारताच्या 2016 च्या नियमांनुसार ड्रॉस घातक कचऱ्यात मोडतो. पण छोट्या भट्टीवाल्याला धातू वेचण्यात पैसा दिसतो, मळी निस्तरण्यात फक्त खर्च. तो खर्च धातूच्या भावातच धरायला हवा आणि मोठ्या खरेदीदारांनी तो चुकता करायला हवा.