रेडिओवरचा पाऊस, अंधारीतला आवाज

1947 साली देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानी मुलखात पाच नभोवाणी केंद्रे होती: म्हैसूर, बडोदा, त्रिवेंद्रम, हैदराबाद आणि औरंगाबाद. वेरूळ-अजिंठ्याचे प्रवासी ज्या गावात मुक्काम टाकून पुढे निघत, त्या गावाला तेव्हाच रेडिओ होता. आज त्याच शहरातल्या आमच्या गारखेड्यात हे सांगितले तर चटकन कुणाला खरे वाटत नाही. आमच्या लेखी रेडिओ म्हणजे जालना रोडवरचे आकाशवाणी केंद्र आणि त्याच्यामुळे चौकाला पडलेले नाव. तिथून त्रिमूर्ती चौकाकडे वळले की गारखेडा आलेच. स्टुडिओ इतका हाताशी असूनही शहराचा स्वतःचा आवाज गोष्टीत फारसा उतरला नाही, असे मला वाटते. दोष माणसांकडे कमी, यंत्राकडे जास्त.

श्रुतिकांच्या भराच्या काळात सगळे स्टुडिओतच घडे. करवंट्या आपटून घोड्यांच्या टापा, पत्रा हलवून गडगडाट, कागद चुरगाळून आग. ध्वनिमुद्रणाची यंत्रे अवजड, बाहेर नेणे जिकिरीचे. त्यात प्रसारण मध्यम लहरींवर. त्यात आवाजाची वरची पट्टी कापली जाते, त्यामुळे पाऊस, टाळ्या आणि कढईतली भजी ऐकणाऱ्याला जवळपास सारखीच. म्हणून पात्राला सांगावे लागे, ‘अगं, पाऊस आला वाटतं!’ मराठी नभोनाट्य संवादप्रधान झाले ते काही अंशी या मजबुरीतून. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी आणि मीना वहिनी घराघरांत पोचले ते बोलण्याच्या बळावर. आमच्या शहरातल्या पाणचक्कीचे कोसळते पाणी या वाटेने पाठवले असते तर नुसती खरखर पोचली असती.

विलायतेतही सुरुवात अडचणीतूनच झाली होती. 15 जानेवारी 1924 रोजी बीबीसीने रिचर्ड ह्यूजची ‘अ कॉमेडी ऑफ डेंजर’ प्रसारित केली. खास रेडिओसाठी लिहिलेल्या पहिल्या नाटिकांत तिची गणना होते. ऐकणाऱ्याला दिसत नाही ना, मग पात्रांनाही दिसू नये, म्हणून ह्यूजने त्यांना कोळशाच्या खाणीत दिवे गेलेल्या अवस्थेत अडकवले.

हे वाचले तेव्हा मला आपल्या देवगिरी किल्ल्यातली अंधारी आठवली. खंदक ओलांडून गेले की खडकात कोरलेला तो वळणावळणाचा काळाकुट्ट भुयारी मार्ग. मशाल घेतलेला गाईड हिंदी-दखनीच्या मिश्रणात शत्रूची फसगत रंगवून सांगायचा. कुठे फट ठेवून उजेडाचे आमिष, कुठे पाय घसरला की थेट खंदक, शेवटी तोंडाशी धुराची व्यवस्था. मशाल आडोशाला गेली की उरायचे त्याचे शब्द, वटवाघळांची फडफड आणि पुढच्या माणसाचा श्वास. इतिहासाच्या कसोटीला त्यातले किती उतरेल कोण जाणे, पण श्राव्य कथा म्हणून ती पक्की होती. जागा बदलली तर गोष्ट कोसळेल, अशी. आता सगळे मोबाईलची बॅटरी लावून चालतात. गाईड बिचारा बोलत राहतो.

गावाच्या आवाजावर रचना करणाऱ्यांत मला सगळ्यात जवळचा वाटतो लूक फेरारी हा फ्रेंच संगीतकार. आज क्रोएशियात असलेल्या कोर्चुला बेटावर, वेला लुका या गावी, 1968 मध्ये त्याने खिडकीत मायक्रोफोन ठेवून पहाटा टिपल्या. रोज परतणारे आवाज त्याने निवडले आणि 1970 मध्ये ‘प्रेस्क रियाँ’चा पहिला भाग पुरा केला. त्यात वाद्य नाही, निवेदक नाही. मच्छिमार गाव जागे होते, एवढेच त्याचे कथानक. डिलन टॉमसने 1954 च्या ‘अंडर मिल्क वुड’ या नभोनाट्यात एका गावाची रात्र आणि दिवस शब्दांनी उभा केला होता, फेरारीने शब्दही काढून टाकले. मला स्वतःला या दोघांच्या मधला रस्ता आवडतो.

आपल्याकडे स्टोरीटेल हे श्राव्य पुस्तकांचे अ‍ॅप 2017 मध्ये आले आणि मराठीत खास ऐकण्यासाठी लिहिलेल्या मालिका सुरू झाल्या. कानात इयरफोन असल्याने डावे-उजवे, जवळचे-दूरचे सगळे आता कळते. मध्यम लहरींची अडचण संपली. तरी पुष्कळ निर्मिती अजून बंद खोलीतली, वर तयार साठ्यातला पाऊस शिंपडलेली. पडतो तो पाऊस कुठल्याही गावाचा. खिशातला फोन नाग्रासारख्या व्यावसायिक ध्वनिमुद्रकाइतका नाही तरी बरा आवाज टिपतो, मग ही कंजुषी का?

गारखेड्यापुरते मी एक सुचवू शकतो. सूतगिरणी बंद पडली, नाव तेवढे चौकाला उरले; तिचा आवाज आता आणायचा कुठून? पण पाण्याचा आवाज आहे. मलिक अंबरची नहर, डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून फिरवलेली बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातली पाणचक्की, असला वारसा सांगणाऱ्या या शहरात नळाला पाणी येते ते काही दिवसांच्या अंतराने. वार चुकला की गल्ली अस्वस्थ. मग नळात आधी हवेची घरघर, मागोमाग एकेक मोटार सुरू, बादल्यांची आदळआपट, टाकी भरून सांडल्याची ओरड. निवेदकाने वेळ सांगायची गरजच नाही. ज्याची मोटार आधी लागते त्याच्याशी शेजारच्याचे भांडण ठरलेले, आणि ते इतके घोटलेले असते की लेखकाला संवाद लिहायचेही काम पडणार नाही.