चवड्यावरचा वाघ, तळव्यावरचं अस्वल

यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९च्या जूनमध्ये एक तरुण नर वाघ निघाला आणि डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात दाखल झाला. कागदोपत्री टी१-सी१, वर्तमानपत्रांनी त्याचा 'वॉकर' केला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे वाट नकाशावर उमटत गेली : आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशिम, अकोला. ज्ञानगंगेपर्यंत साधारण १,३०० किलोमीटर, पुढची भटकंती धरून ३,०००च्या वर. हद्द हवी होती की जोडीदार, यावर रकानेच्या रकाने भरले. एवढं चालणं मुळात जमलं कसं, हे फारसं कुणी विचारलं नाही.

त्यासाठी ठसा पाहावा. चार बोटं, मागे तीन पाळ्यांची गादी. गादीला आपण सहज टाच म्हणतो, पण खरी टाच वर असते; मागच्या पायाला 'उलटा गुडघा' वाटतो, तो सांधा म्हणजे टाच. वाघ जन्मभर चवड्यांवर चालतो. तळपायाची हाडं अशी पायाच्या उंचीत जमा होतात आणि ढांग लांबते. नख्या चालताना म्यानात, म्हणून त्यांची धार टिकते. कॉलरबोन म्हणजे स्नायूंत बुडालेली बारीक काडी, खांद्याच्या हाडाशी न जोडलेली. चालत्या वाघाचे खवाटे पाठीच्या वर आलटूनपालटून उचलले जातात ते याचमुळे. प्रत्येक पावलागणिक थोडी लांबी फुकटात मिळते.

रोही, म्हणजे नीलगाय, तर चवडाही टेकवत नाही, खुरांवरच उभा. धावण्यासाठी याहून काटकसरीचा पाय नाही.

ज्ञानगंगेतल्या अस्वलाचं सगळंच वेगळं. तेही वाघासारखंच मांसभक्षक गणातलं, हाडंही तीच, पण टाचेसकट अख्खा तळवा जमिनीला. मागच्या पायाचा ठसा अनवाणी माणसाचा वाटावा असा. फक्त सर्वांत मोठं बोट बाहेरच्या बाजूला. नख्या लांब, आकड्यासारख्या, आत न जाणाऱ्या. त्या चालायला अडचणीच्या, वारूळ फोडायला उत्तम. या नख्या आणि अपुरे दात पाहून जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १७९१मध्ये आपल्या अस्वलाला दक्षिण अमेरिकेतल्या झाडांना लोंबकळणाऱ्या स्लॉथच्या पंगतीत बसवलं! हसू येतं, पण चूक अडाणीपणाची नव्हती. अवयव कामाप्रमाणे घडतात आणि नातं लपवतात.

दातांची गोष्ट खास आहे. वरच्या जबड्यातले पटाशीचे मधले दोन दात या अस्वलाला नसतातच. टाळू खोलगट, ओठ पुढे काढून नळी करता येते, नाकपुड्या मिटता येतात. वारूळ फुटलं की आधी जोरात फुंकर मारून माती उडवायची, मग दातांच्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची. या फुंकण्या-ओढण्याचा आवाज रानात बराच लांब जातो. रोह्याला तर वरचे पुढचे दात एकही नाहीत. तिथे कडक हिरडी असते आणि पाला तिच्यावर दाबून तोडला जातो. एकाची फट वाळवीसाठी, दुसऱ्याची हिरडी पाल्यासाठी.

अस्वलाच्या या शरीराला स्वभावही जोडलेला आहे. वाघ-बिबट्यांच्या शेजारात वाढलेलं हे अस्वल अचानक समोरासमोर आलं तर पळण्याऐवजी अंगावर येतं, मागच्या पायांवर उभं राहतं. मातीसाठीच्या नख्या माणसाच्या तोंडा-डोक्यावर बसतात. माणसाला चुकवून निघून जाणं वाघाला परवडतं, याला नाही.

वॉकरसाठी ज्ञानगंगेत वाघीण आणायची चर्चा झाली, आली नाही. मार्च २०२१मध्ये गौताळा अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला. पट्टे ताडून पाहिले, तोच निघाला. २०५ चौरस किलोमीटरचं ज्ञानगंगा त्याच्यासाठी वाटेवरचा मुक्कामच ठरलं. अस्वलं इथलीच, तरी बातमीत येतात ती हल्ल्यापुरती. माझ्या मते या जंगलाचा आराखडा त्यांच्यापासून सुरू व्हावा : वारुळं, पाणी, दिवसा पडून राहायला कपारी आणि मोहाची झाडं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पहाटे गळतात. तेव्हा ती वेचायला वाकलेली माणसं आणि खायला आलेली अस्वलं एकाच झाडाखाली येतात.