तळहातावरची काराबो

१९६८ साली पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात पाचरीच्या आकाराची एक हिरवीगार मोटार आली. चकाकत्या भुंगेऱ्यांच्या एका कुळावरून तिचे नाव ठेवले होते ‘काराबो’. आल्फा रोमिओच्या सांगाड्यावर ती रचली होती बेर्तोनेच्या मार्चेलो गांदिनी यांनी. दारे कात्रीसारखी वर उघडत. अशी मोटार एकच झाली. ती इटलीत आरेझेच्या संग्रहालयात आहे. मग मुलांच्या हाती ती कशी आली? जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव प्रतिकृतींमुळे!

संग्राहकांचे एक आवडते प्रमाण १:४३. सुमारे ९९ सेंटिमीटर उंचीची काराबो त्यात जेमतेम २३ मिलिमीटर भरते. आता गंमत पाहा. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी ४३ पटींनी घटली, की घनफळ ४३ × ४३ × ४३, म्हणजे ७९,५०७ पटींनी घटते. या हिशेबाने हजार किलोच्या मोटारीची प्रतिकृती साडेबारा ग्रॅमची हवी. पण धातूची प्रतिकृती तराजूत घाला. ती कितीतरी जड भरेल! कारण एक मिलिमीटर जाडीचा पत्रा त्याच प्रमाणात घटवला, तर तो वहीच्या कागदाहून पातळ होईल. ओतकामात इतकी पातळ भिंत साधत नाही.

तुमच्या खेळण्यातल्या मोटारीचे प्रमाण काय? मोजपट्टी घ्या आणि काढा पाहू!